बाबांनी माझ्या नावावर चढलेला डोंगर

सॅकचा पट्टा डाव्या खांद्यापाशी टोचायला लागला तेव्हा मी सॅक बदलली. नवी सॅकही तिथेच टोचली. कॉलरबोनच्या वर सुपारीएवढी गाठ आली होती आणि मी तिला पट्ट्याने आलेली सूज समजत होते. खोकला होता, तो ब्रिस्टलच्या दमट हवेमुळे. रात्री अंग घामाने भिजायचं, ते जाड दुलईमुळे. क्लाइंबिंग वॉलवर अर्ध्यात दम लागायचा, तो कामाच्या ताणामुळे. प्रत्येक गोष्टीचं कारण माझ्याकडे तयार होतं, कारण जुलैत मला तोफानावर जायचं होतं.

तोफाना दी रोझेस हा इटलीच्या डोलोमाइट्समधला तीन हजार मीटरहून उंच डोंगर. त्याच्या कड्यावर एक लोखंडी वाट आहे, म्हणजे खडकात ठोकलेली पोलादी तार. आपल्या कमरेच्या हार्नेसला दोन दोऱ्या असतात आणि दोन्हींच्या टोकाला कड्या. त्या तारेत अडकवायच्या आणि तारेच्या आधाराने चढायचं. सुरुवात एका बोगद्यातून होते. पहिल्या महायुद्धात इटालियन सैनिकांनी तो खडक फोडून खणला, वर बसलेल्या ऑस्ट्रियन सैनिकांना उडवून द्यायला. मी आणि माझी मैत्रीण बेथन दोन वर्षांपूर्वी समोरच्या सोप्या डोंगरावर गेलो होतो. संध्याकाळी तोफानाची भिंत आधी केशरी झाली, मग जांभळी. बेथन म्हणाली, ‘ती कठीण आहे.’ मी म्हटलं, ‘म्हणून तर.’ त्या दिवसापासून मी जे जे चढले, त्याची सराव म्हणूनच मनात नोंद केली.

हे लिहिते आहे ते नुकताच ज्यांच्या हातात रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी, आणि विशेषतः त्यांच्यासाठी ज्यांच्या घरात लगेच ‘इंडियात कुणाला सांगू नका’ सुरू झालंय.

खोली

वाईट बातमीची खोली ओळखू येते. तिथे कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून असतो, खुर्च्या सगळ्या एकाच उंचीच्या असतात आणि टिश्यूचा खोका नवा कोरा असतो. माझ्याबरोबर आई होती. ती भूलतज्ज्ञ आहे, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये. त्या दिवशी ती डॉक्टरांसारखी बसली नव्हती. पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती.

कन्सल्टंट म्हणाले, लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर. छातीतही आहे. औषधं चांगली आहेत, बहुतेक तरुण माणसं बरी होतात. मी विचारलं, जुलैत मला आल्प्समध्ये जायचंय, तोपर्यंत होईल का? त्यांनी आईकडे पाहिलं. मी म्हटलं, तिला नको, मला सांगा, गाठ माझी आहे.

‘या जुलैत नाही,’ ते म्हणाले. चार औषधांपैकी एक कधीकधी फुफ्फुसांना इजा करतं, त्यावर ते लक्ष ठेवणार होते. पुढच्या जुलैचं विचारलं तर म्हणाले की ते माझी फुफ्फुसं सांगतील.

मरणाची भीती मला नंतर वाटली. त्या खोलीत मला फक्त त्या भिंतीचा केशरी रंग आठवत होता, आणि कुणीतरी मला न विचारता तो पुसतंय असं वाटत होतं. तुम्हालाही त्या दिवशी असंच काहीतरी भलतंच आठवलं तर लाजू नका. ज्याची ओढ असते तेच आधी दुखतं.

‘इटलीला गेलीय’

बाबांना मीच सांगितलं. ते सिंकपाशी उभे होते. माझं बोलणं संपेपर्यंत एकच पातेलं घासत राहिले. मग नळ बंद करून म्हणाले, ‘अक्काला कळता कामा नये.’

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. सांगलीला राहते, एकटी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आजी लवकर गेली, त्यामुळे बाबांना तिनेच वाढवलं. तिचे यजमान कॅन्सरनेच गेले आणि तिच्या स्वतःच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी भडकले.

कारण आमचं घर पत्रकांचं. बाबा पुण्यात कॉलेजात असल्यापासून पत्रकं काढत आले. इथे विमानांच्या कारखान्यात लागल्यावर युनियनची काढली. मी मराठी वाचायला शिकले ती त्यांच्या जुन्या पत्रकांवर: नवस का करू नयेत, ग्रहणात जेवायला काय हरकत आहे, खरं बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळेतल्या मुली परीकथा वाचत होत्या तेव्हा मी भोंदू बाबांच्या युक्त्या पाठ करत होते. पुढे मीही पत्रकं लिहिली, भाडेकरूंसाठी, सफाई कामगारांसाठी. आणि आता हाच माणूस मला लपवायला सांगत होता.

मी म्हटलं, कॅन्सरची लाज वाटते का तुम्हाला?

‘पत्रकात लिहिणं सोपं असतं, मुक्ता,’ ते म्हणाले. ‘ती माझी अक्का आहे.’

आई त्यांच्या बाजूने उभी राहिली. इथल्या आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत भारतात माहीत नसलेली एखादी गोष्ट आहे. कुणाचा घटस्फोट, कुणाची गेलेली नोकरी, कुणाची केमो. सगळी शिकलेली माणसं, त्यात डॉक्टर कितीतरी. पेशंटला सगळं खरं सांगितलं पाहिजे असं दिवसभर म्हणतात आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर विग घालून बसतात. मी भांडले असते. पण त्या आठवड्यात बायोप्सी झाली होती आणि मला जिना चढवत नव्हता.

आत्याचा फोन दर रविवारी येतो, तिचं रात्रीचं जेवण झालं की, म्हणजे आमच्या दुपारी. त्या रविवारी तिने विचारलं, मुक्ता कुठाय? बाबा म्हणाले, ‘इटलीला गेलीय, डोंगर चढायला.’

खुर्ची

केमोच्या दिवसाबद्दल थोडंसं. खुर्ची आरामदायी असते. खिडकीतून कार पार्क दिसतो. शीर सापडत नसेल तर हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायला मागा. मला एका नर्सने आपणहून तसा टब आणून दिला आणि तो शांतपणे धरून बसली. सबंध उपचारांतली सगळ्यात मोठी दया मला ती वाटते. जिंजर बिस्किटं जवळ ठेवा. लाल औषधानंतर लघवी लाल होते, घाबरू नका. तोंडाला आठवडाभर लोखंडाची चव येते. मी स्वतःला सांगायचे, ही तारेची चव आहे.

लोक म्हणतात, तू फायटर आहेस. मला ते आवडत नाही. ज्या बोगद्याचं स्वप्न मी बघत होते तो लढणाऱ्यांनीच खणला होता. कुठल्या तरी खेड्यातली पोरं, दुसऱ्या खेड्यातल्या पोरांना मारायला. जी माणसं या खुर्च्यांत बसून मेली ती काय कमी लढली? मला सैनिक व्हायचं नव्हतं. मला तार धरून वर जायचं होतं, इतकंच.

बेथन माझ्या हार्नेसच्या त्या दोन कड्या घेऊन यायची. मी त्या खुर्चीच्या दांड्याला अडकवायचे, एक काढून पुढे, मग दुसरी पुढे. सुईच्या हाताची बोटं त्यामुळे चालती राहायची. मी तिला जुलैत एकटी जा म्हणाले. ती गेली नाही. ती गेली नाही म्हणून मी तिच्यावर रागावले, आणि ती गेली असती तर त्याहून जास्त रागावले असते. आजारपणात माणूस असा होतो. तुमच्या जवळच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

बाबांचा डोंगर

मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर असायचे. बाबा स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्पीकरवर बोलायचे. आठवडाभर माझं गाइडबुक आणि नकाशा घेऊन त्यांनी अभ्यास केलेला असायचा.

‘काल ती बोगद्यात शिरली, अक्का. आत मिट्ट काळोख. कपाळावर दिवा बांधावा लागतो. वरून पाणी ठिबकतं, लाकडी पायऱ्या घसरड्या.’

मी डोळे मिटायचे. अंगात ताप, डोक्यावर केस नाहीत, आणि मी बोगद्यात. पायऱ्या संपतात. पुढे उजेडाचा चौकोन, त्यातून थंड वारा येतो. मी बाहेर वाकते आणि पायाखाली सगळी दरी. इतकं स्पष्ट मला स्वप्नातही कधी दिसलं नव्हतं. फोन ठेवला की मी उशीत तोंड खुपसून पडायचे. मला बाबांचा राग यायचा, आणि रविवार लवकर यावा असंही वाटायचं.

एकदा ते म्हणाले, ‘तारेचा खिळा आला की ती दोन्ही कड्या काढते आणि पलीकडे लावते.’ मला राहवेना. फोन ठेवल्यावर मी भिंतीला धरत आत गेले.

‘बाबा, असं केलं तर मरेन मी. एक कडी तारेत असल्याशिवाय दुसरी काढायची नसते.’

ते पेन्सिल शोधायला लागले. आईला हसू आलं. मलाही आलं. खोट्यात चूक नको म्हणून मी खोट्याला मदत करत होते.

आत्या काही भोळी नाही. इतके आठवडे एक डोंगर चढायला लागतात का, तिने विचारलं. मग बाबांनी मला तिथल्याच एका झोपडीवजा हॉटेलात उन्हाळ्याची नोकरी लावून दिली, तारांची तपासणी करायची. मुक्तालाच बोलायला लाव, असं आत्या म्हणाली की रेंज नाही. ‘अरे, मी जन्मभर लाइनी जोडल्या,’ आत्या म्हणाली, ‘तू मला रेंज शिकवतोस होय?’ पण तिने विश्वास ठेवला. भाऊ लहानपणापासून तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून. सांगलीत शेजारणींना ती माझी वाट समजावून सांगायची, हे मला नंतर कळलं.

मधे मला ताप चढला आणि हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं. पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. आत येणारा प्रत्येक जण मास्क लावून यायचा. आई माझ्या श्वासाकडे बघत बसायची. मॉनिटरकडे बघायची नाही, कारण तो काय म्हणतोय ते तिला कळत होतं. त्या रविवारी बाबांनी आत्याला सांगितलं की डोंगरावर विजा कडाडतायत आणि मुक्ता एका कपारीत थांबलीय.

मी घरी आले. विजा थांबल्या. पण बाबांनी मला पुढे नेलं नाही.

त्या वाटेवर बऱ्याच उंचीवर तीन सुळके आहेत, त्यांना तीन बोटं म्हणतात. तिथे चढणाऱ्याला निवड असते. थकला असेल तर बाजूने झोपडीकडे उतरायचं. दम असेल तर पुढे, आणखी उभ्या भिंतीवरून शिखराकडे. बाबांनी मला तीन बोटांपाशी आणून उभं केलं आणि तिथेच ठेवलं. एका रविवारी पाऊस. पुढच्या रविवारी तारेवर बर्फ. मग धुकं.

मी विचारलं, वर का नेत नाही मला? संपवा की एकदाचं.

‘हवा बरी नाही,’ बाबा म्हणाले. फोन तेव्हा बंद होता. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो.

चहा

शेवटच्या केमोच्या आसपासचा रविवार. आत्याचा आवाज खोल गेल्यासारखा वाटला म्हणून बाबांनी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, डोकं धरतं जरा, चहा सोडलाय ना.

आत्याने चहा सोडणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. एक्स्चेंजच्या ड्यूट्या तिने चहावर काढल्या. नवरा गेला त्या दिवशीही तिने आलेल्या सगळ्यांना चहा केला आणि स्वतः दोनदा घेतला.

‘सोडलास? का?’ बाबा म्हणाले.

‘बोललेय मी, ती बोगद्यात शिरली तेव्हाच. मुक्ता सुखरूप वर पोचेपर्यंत चहा नाही. आता तू तुझं व्याख्यान देऊ नकोस.’

बाबांनी व्याख्यान दिलं नाही. नवसाविरुद्ध त्यांच्याइतकं बोललेला माणूस आमच्या ओळखीत नाही.  त्यांनी रचलेल्या डोंगरापायी एक म्हातारी बाई महिनोन् महिने डोकं धरून बसली होती, आणि ते संपवायला ‘पोचली’ एवढा एक शब्द त्यांच्याकडे होता.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, आता तरी पोचवा मला.

‘स्कॅन होऊ दे.’

‘स्कॅनचा आणि आत्याच्या चहाचा काय संबंध?’

ते फडकं घेऊन आले. स्वच्छ ओटा पुन्हा पुसायला लागले. तेव्हा मला कळलं. स्कॅनच्या आधी तो शब्द उच्चारायची त्यांना भीती वाटत होती. ज्यांनी मला शिकवलं की शब्दांनी काही होत नसतं, त्यांना वाटत होतं की आपण ‘पोचली’ म्हटलं आणि ती पोचलीच नाही तर? मला ओरडायचं होतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना घाबरलेलं पाहत होते.

फोन

स्कॅन स्वच्छ आला. फुफ्फुसांची तपासणी तितकी चांगली आली नाही. ते एक औषध मध्येच थांबवलं होतं, तरी श्वास पूर्वीच्या निम्म्यावर. सुधारेल, कन्सल्टंट म्हणाले, किती ते सांगता येत नाही. उपचार संपले की वॉर्डात घंटा वाजवायची पद्धत आहे. मी वाजवली नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ती कधीच वाजवता येणार नव्हती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ‘आज पोचवतो तुला,’ म्हणाले. खूप दिवसांनी हसत होते.

मी नाही म्हटलं.

‘तिचा चहा सुरू होईल, मुक्ता.’

हे खरं होतं, म्हणूनच अवघड होतं. पण ते शिखर मला हवं होतं. इतकं हवं होतं की खोट्यातसुद्धा त्यावर पाय ठेवायची माझी तयारी नव्हती. आणि आत्या माझ्यासाठी काहीतरी सोडून बसली होती. कशासाठी सोडलंय, हे कळायचा तिला हक्क होता. फोन वाजला तेव्हा तो मी घेतला.

‘अगं, उतरलीस?’

‘आत्या, मी चढलेच नव्हते.’

मी सगळं सांगितलं. गाठ, औषधं, ताप. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. लाइनवर कसं ऐकायचं ते तिला येतं. मग तिने विचारलं, केस? येतायत म्हटलं. श्वास? अर्धा.

‘आणि तो बोगदा?’

‘बोगदा खरा आहे. मी त्यात नव्हते.’

 मग ती म्हणाली, ‘त्याला दे.’

बाबांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. इस्त्रीच्या शर्टात शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. ‘हो अक्का,’ म्हणाले. पुन्हा म्हणाले. 

त्यानंतर कित्येक रविवार आत्याचा फोन आला नाही. बाबांनी केला तर ती उचलायची, ठीक आहे म्हणायची आणि ठेवायची. दुपार झाली की ते उगाच स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. खरं सांगितलं की मोकळं वाटतं असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आमच्या घरात त्याने आधी जखमच केली. तरी मी सांगते, सांगा. तुमच्यासाठी कोण काय सोडून बसलंय, तुम्हाला माहीत नसतं.

सध्या

मग एकदा आत्याने माझ्या मोबाइलवर फोन केला.

‘तीन बोटांच्या पुढे काय आहे?’

मी गाइडबुकातलं सांगायला लागले. भिंत वाटीसारखी वळते, खडक बहुतेक ओला असतो, मग डोंगराच्या धारेवर येतो आपण. तिने थांबवलं. ‘पुस्तकातलं नको. तुझ्या बाबाने पुस्तकातलंच सांगितलं मला.’

‘मग माहीत नाही, आत्या.’

‘हं. हे बरं झालं.’

चहा सुरू केलास का, मी विचारलं. नाही म्हणाली. मग मात्र मी व्याख्यान दिलं, बाबा देतात त्याहून मोठं. माझ्या फुफ्फुसांचा तुझ्या चहाशी काडीचा संबंध नाही, म्हटलं.

‘नसेल. पण वर पोचेपर्यंत असं मी बोललेय. पोचलीस?’

‘नाही.’

‘मग झालं तर. तत्त्वं काय फक्त तुमच्या पत्रकांत असतात का?’



रविवारी आता मी आणि बाबा शहराबाहेर डंड्रीच्या टेकडीवर जातो. ते पुढे चालतात आणि माझ्यासाठी थांबतात, पण थांबलो असं दाखवत नाहीत, बुटाची नाडी बांधत बसतात. माथ्यावर गवत, एक चर्च आणि वारा. खाली ब्रिस्टल पसरलेलं असतं, पलीकडे वेल्सच्या टेकड्यांची निळी रेघ. मी त्या रेघेच्या वर बघते. तिथे काही नसतं, पण मला ती वाटीसारखी भिंत दिसते, तिच्यावरून ओघळणारं पाणी, माथ्याकडे जाणारी तार. आजारी पडण्याआधी मला ती जिंकायची होती. आता नुसतं तिला हात लावायचाय, खडक किती गार आहे ते बघायचंय. बेथनने पुढच्या जुलैची सुट्टी टाकून ठेवलीय. जमेल की नाही, ठाऊक नाही.

परवा माथ्यावर पोचले आणि फोन वाजला. आत्या. बाबा थोडे दूर जाऊन उभे राहिले, ऐकू येईल इतकेच दूर. कुठवर गेलीस, तिने विचारलं. मी म्हटलं, आमच्या इथल्याच टेकडीवर, लहान आहे, आणि तरी दोनदा थांबावं लागलं. अजून धापा टाकत होते, वाक्य पुरं होत नव्हतं. पुढच्या जुलैत नाही जमलं तर, असं काहीतरी मी म्हणायला लागले. तिच्या डोकेदुखीबद्दलही विचारायचं होतं.

‘मला चहाची घाई नाही,’ ती म्हणाली. ‘तू दम घे.’